तलावाचे पाणी हिरवे का झाले?

ब्राझीलमधील रिओ द जानेरो येथे २०१६ साली ऑलिंपिक सामने भरले असता एक चमत्कारिक गोष्ट घडली. सूर मारण्याच्या स्पर्धा ज्या तलावात चालल्या होत्या, त्याचे पाणी ९ ऑगस्ट रोजी पाचूसारखे हिरवे दिसू लागले. शेजारचा तलाव त्या दिवशी निळाच होता. दुसऱ्या दिवशी तोही हिरवट झाला.

चौकशीअंती संयोजकांनी सांगितलेले कारण बोधप्रद आहे. ५ ऑगस्ट रोजी पाण्यात ८० लिटर हायड्रोजन परॉक्साइड ओतण्यात आले होते. हा पदार्थ स्वतः जंतुनाशक खरा. परंतु क्लोरीनशी त्याचे जमत नाही. दोहोंची गाठ पडताच क्लोरीनचे रूपांतर मिठात असते तशा क्लोराइडमध्ये होते व ऑक्सिजन निघून जातो. एका घरी ठेवलेले दोन पहारेकरी आपापसांत झुंजून निकामी व्हावेत, तसा हा प्रकार झाला.

पहारा उठला की शेवाळास आमंत्रण लागत नाही. त्याच्या सूक्ष्म पेशी वाऱ्याबरोबर, धुळीबरोबर व पोहणाऱ्यांच्या अंगावरून पाण्यात सतत येतच असतात. ऊन, ऊब आणि थोडेसे नायट्रेट व फॉस्फेट मिळाले की काही जातींची संख्या एका दिवसात दुप्पट होते. म्हणूनच क्लोरीन एकदाच पुष्कळ घालून भागत नाही; दर दहा लाख भाग पाण्यात एक ते तीन भाग मुक्त क्लोरीन सदैव शिल्लक असावे लागते. उघड्या तलावातील क्लोरीन उन्हानेही नष्ट होते. याकरिता मात्रा सायंकाळी देणे श्रेयस्कर.

येथे पाण्याच्या अम्लतेचा विचार अवश्य केला पाहिजे. क्लोरीनचे मारक रूप म्हणजे हायपोक्लोरस अम्ल. पाण्याचे पीएच मूल्य ७.५ असता मुक्त क्लोरीनपैकी सुमारे निम्मे या रूपात असते. ८ झाले की जेमतेम चतुर्थांश उरते. विरंजक चूर्ण ओतूनही शेवाळ हटत नाही अशी तक्रार पुष्कळदा ऐकू येते, तिचे मूळ बहुधा येथे असते.

शेवाळ माजलेच, तर प्रथम भिंती व तळ ब्रशाने खरवडून काढावेत, कारण बुळबुळीत थराच्या आतील पेशींपर्यंत औषध पोहोचत नाही. मग पीएच ७.२ ते ७.६ च्या दरम्यान आणून क्लोरीनची मोठी मात्रा द्यावी व गाळणी अहोरात्र चालू ठेवावी. मेलेले शेवाळ पाणी गढूळ करते. ते तुरटीने तळाशी बसवून उपसून टाकावे. क्लोरीन पुन्हा नेहमीच्या पातळीवर उतरेपर्यंत कोणासही पाण्यात उतरू देऊ नये. विरंजक चूर्णाचा अम्लाशी प्रत्यक्ष संपर्क मात्र कदापि होऊ देऊ नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू उसळतो.

मोरचुदाचाही उपाय आहे. अमेरिकेतील मूर व केलरमन यांनी १९०४ साली जलाशयांसाठी तो पुढे मांडला. तथापि तांब्यामुळे गिलाव्यावर डाग पडतात आणि सोनेरी केस हिरवट होतात. त्याचा दोष लोक उगीच क्लोरीनला देतात!

रिओमध्ये एवढा अवधी नव्हता. तालबद्ध जलतरणात खेळाडूंना पाण्याखाली एकमेकींना पाहावे लागते. त्यामुळे दुसऱ्या तलावातील सुमारे ३७ लाख लिटर पाणी उपसून सरावाच्या तलावातील स्वच्छ पाणी त्यात भरण्यात आले. सूर मारण्याच्या स्पर्धा मात्र हिरव्या पाण्यातच पुढे चालू राहिल्या.