पुस्तकाची घडण : मुद्रण, कागद व बांधणी यांतील नित्याचे शब्द

बालभारतीच्या पाठ्यपुस्तकाच्या आरंभीच्या पानांवर बारीक अक्षरांत काही नोंदी असतात : प्रथमावृत्ती, पुनर्मुद्रण, अक्षरजुळणी, कागद, मुद्रणादेश, मुद्रक. धड्याकडे जाण्याच्या घाईत हे पान बहुधा न वाचताच उलटले जाते. तथापि पुस्तक कसे घडते व ते कोठे मोडते, हे समजून घेण्याचा आरंभ याच पानापासून करता येतो. ज्या गावी वर्षाच्या मध्यावर दुसरी प्रत मिळणे कठीण, तेथे ज्याचे पुस्तक सहामाहीपूर्वीच सुटे झाले, तो विद्यार्थी उरलेले वर्ष शेजाऱ्याच्या पुस्तकात डोकावून काढतो. पुस्तकाच्या अंगांची नावे ज्या शिक्षकास ठाऊक आहेत, त्यास मोड कोठे झाली हे ओळखता येते आणि ती वेळीच सांधता येते.

१. पान व पृष्ठ

बोलण्यात हे दोन शब्द एकाच अर्थाने येतात; पण पान म्हणजे कागदाचा सुटा तुकडा व पृष्ठ म्हणजे त्याची एक बाजू होय. एका पानास दोन पृष्ठे. जुन्या पोथीत अंक पानाला घालीत, म्हणून तो पानाच्या एकाच बाजूस आढळतो; छापील पुस्तकात तो प्रत्येक पृष्ठाला असतो. ९६ पृष्ठांच्या पुस्तकात पाने ४८ च असतात.

'आवृत्ती' व 'पुनर्मुद्रण' यांतही भेद आहे. आवृत्ती बदलली म्हणजे मजकुरात फेरफार झालेला असू शकतो. पुनर्मुद्रणात सामान्यतः तोच मजकूर पुन्हा छापतात. वर्गातील दोन प्रतींत पृष्ठांक जुळत नसल्यास प्रथम ही नोंद पाहावी.

२. कागद

'७० जी. एस. एम. क्रीमवोव्ह' अशी नोंद अनेक पाठ्यपुस्तकांत आढळते. जी. एस. एम. म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधील वजन. क्रीम हा किंचित पिवळसर छटेचा रंग. वोव्ह म्हणजे विणलेल्या जाळीवर तयार झालेला, अंगात रेघा नसलेला कागद. २० सें. मी. रुंद व २५ सें. मी. लांब पानाचे क्षेत्रफळ ०.०५ चौरस मीटर होते. म्हणून ७० जी. एस. एम. च्या अशा एका पानाचे वजन ३.५ ग्रॅम आणि १०० पानांचे ३५० ग्रॅम भरेल. दप्तराच्या ओझ्याचा हिशोब मुलांना अशा रीतीने स्वतः मांडता येतो.

कागदाची मोजणी दस्त्यांनी व रिमांनी होते. पूर्वी २४ तावांचा दस्ता व २० दस्त्यांचे, म्हणजे ४८० तावांचे रीम धरीत; आता रीम ५०० तावांचे धरतात. ताव म्हणजे न कापलेला अखंड कागद.

यंत्रावर तयार झालेल्या कागदातील तंतू बहुतांशी एकाच दिशेने पडलेले असतात. जुन्या वर्तमानपत्राचा तुकडा उभा व आडवा फाडून पाहावा. एका दिशेने तो सरळ फाटतो, दुसऱ्या दिशेने वेडावाकडा. सरळ फाटतो ती तंतूंची दिशा होय. ही दिशा पुस्तकाच्या पाठीला समांतर असली म्हणजे पाने सहज उलटतात व पुस्तक ताठरत नाही. वहीला कव्हर घालतानाही हेच धोरण ठेवावे.

३. जुळणी व छपाई

पूर्वी शिसे, अँटिमनी व कथील यांच्या मिश्रधातूचे खिळे एकेक करून हाताने जुळवीत. खिळ्यावरील अक्षर उलटे असे, म्हणजे कागदावर ते सुलटे उमटे. मुंबईत १८६९ साली जावजी दादाजी यांनी स्थापन केलेला निर्णयसागर छापखाना सुबक देवनागरी खिळ्यांबद्दल नावाजला गेला. त्याही आधी, १८३१ साली, गणपत कृष्णाजी यांनी शिळाछापावर मराठी पंचांग छापले होते. शिळाछापात उठावाची अक्षरे नसतात. तेलकट शाई व पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, या गुणावर ती छपाई चालते. आजची ऑफसेट छपाईही त्याच गुणावर आधारलेली आहे. मात्र दगडाच्या जागी धातूचा पत्रा आला आणि जुळणी संगणकावर होऊ लागली. छपाईपूर्वी चुका तपासण्यासाठी काढलेल्या प्रतीस मुद्रित किंवा प्रूफ म्हणतात.

४. फर्मा

पृष्ठे एकेक करून छापली जात नाहीत. मोठ्या तावाच्या दोन्ही बाजूंस अनेक पृष्ठे छापून तो दुमडतात. दुमडलेला ताव म्हणजे फर्मा. तीन घड्यांनी ८ पाने, म्हणजे १६ पृष्ठे होतात. वर्गात एक ताव तीनदा दुमडून, न कापता, पृष्ठांवर १ ते १६ अंक घालण्यास सांगावे व मग तो उलगडावा. एका बाजूस १, ४, ५, ८, ९, १२, १३ व १६ हे अंक, त्यांपैकी काही उलटे, पाहून मुलांना नवल वाटेल. १ च्या शेजारी १६ व ८ च्या शेजारी ९ येतो. बेरीज दोन्हीकडे १७ च.

५. बांधणी

सर्व घड्या एकात एक घालून मध्यावर तारेचे टाके मारले म्हणजे मधली शिलाई. कडेपासून थोडे आत आरपार टाके मारले म्हणजे बाजूची शिलाई. असे पुस्तक सपाट उघडत नाही, म्हणून ते जोराने दाबून उघडू नये. प्रत्येक फर्मा दोऱ्याने स्वतंत्र शिवून मग सर्व एकत्र बांधण्यास जुजबंदी म्हणतात. ही बांधणी सर्वांत टिकाऊ. पाठीची कड कापून पाने केवळ गोंदाने चिकटविली म्हणजे गोंदबांधणी. तिचे एक पान निघाले की शेजारचीही निघू लागतात.

६. दुरुस्ती

मधल्या शिलाईच्या पुस्तकात प्रत्येक पानास एक जोडपान असते. ९६ पृष्ठांच्या पुस्तकात जोडपृष्ठांची बेरीज ९७ येते. पृष्ठ १० चे पान निसटले, तर पृष्ठ ८७ चे पान त्याच क्षणी सैल झाले आहे असे समजावे व तेही त्याच वेळी सांधावे.

तार निघाल्यास पुस्तक मध्यावर उघडावे आणि घडीवर दाभणाने तीन भोके पाडावीत. दोरा आतून मधल्या भोकातून बाहेर न्यावा, वरच्या भोकातून आत घ्यावा, आतल्या बाजूने मधले भोक सोडून खालच्या भोकातून बाहेर काढावा व मधल्यातून पुन्हा आत आणावा. दोऱ्याची दोन्ही टोके आतील लांब दोऱ्याच्या दोन बाजूंस घेऊन गाठ मारावी. फाटलेल्या पानास पातळ कागदाची पट्टी पिठाच्या खळीने लावावी. चिकटपट्टी काही काळाने पिवळी पडते व तिचा गोंद कागदात मुरतो, म्हणून ती टाळावी. खळ लागेल तेवढीच शिजवावी. उरलेली आंबते व किडींना बोलावते.

अभ्यास

१. १६ पृष्ठांचे ६ फर्मे असलेल्या पुस्तकात पाने किती?
२. ६४ पृष्ठांच्या, मधली शिलाई असलेल्या वहीत पृष्ठ २१ चे जोडपृष्ठ कोणते?
३. वर्गातील पाच पुस्तके तपासून प्रत्येकाची बांधणी कोणत्या प्रकारची आहे ते लिहा. ज्याची शिवण सैल झाली असेल, ते प्रथम दुरुस्त करा.