तानपुरा गप्प झाला, तेव्हा... (घरच्या घरी सोल्डरिंगचा पहिला धडा)



आपल्या मंडळातल्या एक काकू दर रविवारी मुलांना गाणं शिकवतात, एक डॉलरही न घेता. मध्यंतरी दोन रविवार क्लास बंद राहिला, कारण त्यांचा इलेक्ट्रॉनिक तानपुरा वाजेना. इथे अमेरिकेत तो दुरुस्त कोण करणार? नवा भारतातून मागवायचा तर कोणीतरी येईपर्यंत थांबा. काकू मला म्हणाल्या, "अरे, तू इंजिनिअर ना? बघ की जरा!"

आता खरं सांगायचं तर मी सॉफ्टवेअरवाला. पण सोल्डरिंगचा छंद आहे, म्हणून तानपुरा घरी आणला. त्या दुरुस्तीतून जे करता येतं ते इथे क्रमाने लिहितो आहे. हे काम कोणालाही जमण्यासारखं आहे.

आधी एक पथ्य. सुरुवात अडॅप्टरवर चालणाऱ्या कमी व्होल्टच्या वस्तूंपासून करा: रेडिओ, खेळणी, तानपुरा. जुना टीव्ही किंवा मायक्रोवेव्ह उघडू नका. मायक्रोवेव्हच्या कपॅसिटरमध्ये २००० व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो टिकू शकतो. तिथे हौस उपयोगाची नाही.

१. आधी निदान, मग आयर्न

बिघडलेली वस्तू दिसली की लगेच उघडायचा मोह होतो. तो आवरा. आधी अडॅप्टर बघा. भारतातून आणलेल्या वजनदार, ट्रान्सफॉर्मरवाल्या अडॅप्टरवर '२३० व्होल्ट' असं लिहिलेलं असेल, तर इथल्या १२० व्होल्टवर तो जेमतेम निम्मा दाब देतो. पिन बदलणारा छोटा कन्व्हर्टर फक्त पिनचा आकार बदलतो, व्होल्ट नाही! '१०० ते २४०' लिहिलं असेल तर काळजी नको.

काकूंचा अडॅप्टर इथलाच होता. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून मोजलं. छापलेले १२ व्होल्ट, मीटरवर १६. घाबरू नका. अशा साध्या अडॅप्टरला भार नसला की आकडा जास्त दिसतो. म्हणजे अडॅप्टर ठीक.

मग पिन तानपुऱ्यात घालून जरा हलवली, आणि 'सा' क्षणभर वाजून गेला! हा फार मोलाचा पुरावा. हलवल्यावर चालतं म्हणजे आतले भाग बहुधा शाबूत आहेत, जोड सुटला आहे.

२. उघडून बघणं

प्लग काढा, बॅटरी असेल तर तीही काढा. स्क्रू वाटीत ठेवा आणि प्रत्येक पायरीचा मोबाइलवर फोटो घ्या. मग बोर्ड उलटा करून, चांगल्या उजेडात, भिंगातून पाहा. अडॅप्टरची पिन जिथे घुसते त्या सॉकेटचे पाय बोर्डाला सोल्डरने धरलेले असतात. पिन रोज काढ-घाल करताना सगळा जोर त्यांच्यावर येतो. एका पायाभोवती केसाएवढी गोल चीर दिसली. मीटर कंटिन्युइटीवर ठेवला, एक टोक त्या पायाला, दुसरं त्याच्याच तांब्याच्या पट्टीला लावलं आणि सॉकेट हलवलं. बीप येई, जाई. चोर सापडला!

३. सोल्डरिंग म्हणजे कल्हईच

लहानपणी दारावर येणारा कल्हईवाला आठवतो? भांडं तापवून तो नवसागर टाकायचा, मग कथील फिरवायचा. नवसागराने धातूवरचा ऑक्साइडचा थर निघतो, म्हणून कथील चिकटतं. सोल्डरिंगमध्ये नवसागराचं काम फ्लक्स करतो. तो बहुधा राळेचा असतो आणि सोल्डरच्या तारेत आतच भरलेला मिळतो. (बोर्डावर नवसागर मात्र वापरू नका, तांबं गंजतं.)

६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसं असलेलं सोल्डर १८३ अंश सेल्सिअसला वितळतं. नवशिक्याला ते सोपं जातं. शिसं नसलेल्याला साधारण २१७ ते २२० अंश लागतात. आयर्न मी ३५० अंशांवर ठेवतो. खिडकी उघडी हवी, डोळ्यांना चष्मा हवा, मुलं लांब हवीत आणि काम संपल्यावर हात साबणाने धुवायचे.

आता कृती:

- आयर्नचं टोक ओल्या स्पंजवर पुसून त्याला थोडं सोल्डर लावा. ही टोकाची कल्हई!
- तांब्याच्या बारीक तारांची वेणी मिळते, तिला सोल्डर विक म्हणतात. ती जुन्या जोडावर ठेवून वरून आयर्न टेकवा. जुनं सोल्डर ती शोषून घेते.
- टोक पाय आणि तांब्याची टिकली या दोघांना एकदम टेकवा. सेकंदभराने सोल्डर आयर्नला नाही, जोडाला लावा.
- आधी तार काढा, मग आयर्न. सगळं मिळून दोन-तीन सेकंद. थंड होईपर्यंत हलवू नका.

चांगला जोड पायाकडे चढत गेलेल्या छोट्या डोंगरासारखा दिसतो. लाडवासारखा गोळा बसला असेल तर तो वरवर चिकटलेला आहे, पुन्हा तापवा. पण फार वेळ नको. माझ्या पहिल्या रेडिओत मी आयर्न टेकवून बसलो आणि टिकलीच बोर्डावरून उचलली गेली. इथे 'अन्‌डू' नसतं!

४. वीज देण्याआधी

सॉकेटच्या प्लस आणि मायनसमध्ये मीटर लावा. क्षणभर बीप येऊन थांबला तर कपॅसिटर भरतो आहे, चालेल. सतत वाजत राहिला तर शॉर्ट आहे, कुठे सोल्डर सांडलंय ते शोधा.

आमचा मीटर गप्प राहिला, आणि प्लग लावल्यावर तानपुरा बोलू लागला. पुढच्या रविवारी क्लास भरला. काकू मजुरी देऊ लागल्या तेव्हा म्हटलं, "काकू, ती मंडळाच्या मदतपेटीत टाका." त्यांनी टाकली.

तर मंडळी, तुमच्याही घरी कपाटात एखादा मुका रेडिओ असेल. फेकण्याआधी पिन जरा हलवून बघा. तो बोलला, तर नव्या वस्तूचे वाचलेले पैसे कुठल्या पेटीत टाकायचे ते आता तुम्हाला माहीत आहे!