नाणे घासू नये, वाचावे

मागे शाळेच्या इतिहास प्रदर्शनासाठी एका माजी विद्यार्थ्याने परदेशात विकत घेतलेली दोन रोमन नाणी आम्हा शिक्षकांच्या हाती दिली. दोन्ही तांब्याच्या मिश्रधातूची, काळपट-हिरवी, आठ आण्याच्या नाण्याहूनही लहान. आदल्या दिवशी आम्हीच त्यातले एक, देवाची भांडी घासावीत तसे चिंच-मीठ लावून लख्ख घासले. चकाकी आली, पण अक्षरे गेली. शेकडो वर्षे जमिनीत राहिलेल्या अशा नाण्यावर जो थर चढतो, त्यातच पुष्कळदा अक्षरांचा उठाव टिकलेला असतो, हे आम्हाला नंतर कळले. दुसरे नाणे वेळेअभावी तसेच राहिले. आजचा पाठ त्याचा आहे.

त्याच्या एका बाजूस शिरस्त्राण घातलेली रोमची नगरदेवता असून भोवती ‘उर्ब्स रोमा’, म्हणजे ‘रोम नगरी’, अशी अक्षरे आहेत. दुसऱ्या बाजूस लांडगीण दोन बाळांना दूध पाजते आहे. हे रोम्युलस आणि रीमस. यांतल्या रोम्युलसने रोम वसवले अशी कथा आहे. सम्राट कॉन्स्टंटाइनने इ. स. ३३० मध्ये कॉन्स्टँटिनोपल ही नवी राजधानी प्रतिष्ठित केली, त्या सुमारास जुन्या रोमच्या सन्मानार्थ ही नाणी पाडण्यास सुरुवात झाली.

लांडगिणीच्या पायांखाली बारीक अक्षरे आहेत : टी-आर-पी. दूरचित्रवाणीचा टीआरपी नव्हे! ‘टी-आर’ म्हणजे आजच्या जर्मनीतील ट्रिअरची टाकसाळ आणि ‘पी’ म्हणजे तिचा पहिला विभाग. दुसऱ्या विभागाच्या नाण्यावर ‘एस’ असतो. घासलेल्या नाण्याची टाकसाळ मात्र आता कुणालाच सांगता येणार नाही.

इतके जुने नाणे महाग असेल असे वाटते. पण हे त्या काळचे सुट्टे पैसे. अनेक टाकसाळींतून ते प्रचंड संख्येने पाडले गेले आणि लोकांनी मडक्यांत भरून पुरून ठेवले. म्हणून वाचता येण्याजोगे साधे नाणे आजही दोन-तीन हजार रुपयांच्या आसपास मिळू शकते.

मात्र नाण्याइतकीच त्याच्या जागेची नोंद मोलाची असते. २०१० मध्ये इंग्लंडमधील फ्रोम गावाजवळ एका हौशी शोधकाला शेतात मडके लागले. त्याने स्वतः ते उकरून काढले नाही, पुरातत्त्वज्ञांना बोलावले. त्यांनी थराथराने ५२,५०३ नाणी काढली. कोणते नाणे कोणत्या थरात होते हे टिपल्यामुळेच, हा ठेवा वर्षानुवर्षे साठवलेला नसून बहुधा एकाच वेळी पुरला गेला, असा निष्कर्ष काढता आला.

आपल्या हैदराबादेपासून हा विषय फार दूर नाही. नलगोंडा जिल्ह्यातील अक्कनपल्ली येथे रोमन चांदीची नाणी सापडली आहेत. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचे पुरलेले धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही.

संग्रह करणाऱ्यांनी एवढे पाळावे :

१. नाणे घासू नये, कडेने धरावे.
२. पावती देणाऱ्या व नाणे कुठून आले हे सांगणाऱ्या विक्रेत्याकडूनच घ्यावे. फार स्वस्त दिसणारे सोन्याचे नाणे बहुधा बनावट असते.
३. प्रत्येक नाण्यासोबत चिठ्ठी ठेवावी : वजन, व्यास, अक्षरे, कुठून व केव्हा घेतले.

उपक्रम : घरातील जुन्या डब्यातली पाच नाणी घ्या. वर्षाखालची टाकसाळीची खूण भिंगातून पाहा. हैदराबादच्या नाण्यावर चांदणी असते, तर मुंबईच्या नाण्यांवर पुष्कळदा चौकट. अशीच चिठ्ठी लिहून वर्गात आणा.

पालकांना विनंती, की आजोबांची नाणी सणासाठी उजळू नयेत. आमची चूक आम्ही दोन्ही नाणी शेजारी ठेवून प्रदर्शनात मांडली होती. मुलांनी सर्वाधिक प्रश्न घासलेल्या नाण्याविषयीच विचारले, आणि त्यांतल्या बहुतेकांची उत्तरे आमच्यापाशी उरली नव्हती.