हनुवटी एका बाजूला सरकतेय

प्रश्न : मुलगा १७ वर्षांचा. दोन वर्षांत हनुवटी डावीकडे सरकली. नुसत्या तारांनी भागेल का? – एक वाचक, भिवंडी

उत्तर : नाही. तारा दात हलवतात, जबडा नाही. उजव्या कानापुढच्या सांध्याचं हाड जास्त वाढतंय का, ते आधी पाहावं. बोन स्कॅन आणि काही महिन्यांच्या अंतराने घेतलेले फोटो, दातांचे साचे यांवरून वाढ अजून चालू आहे का, याचा अंदाज येतो. वाढ चालू असताना नुसता जबडा सरळ केला, तर तो पुन्हा सरकू शकतो. वाढ थांबली असेल, तर साधारण वर्ष-दीड वर्ष तारा, मग शस्त्रक्रिया, पुन्हा काही महिने तारा. शस्त्रक्रियेआधी चावा (वरखालचे दात जुळणं) उलट बिघडल्यासारखा वाटेल. तेव्हाच बरेच जण घाबरून उपचार सोडतात. मुंबईत नायर किंवा शासकीय दंत महाविद्यालयात दाखवा.