कागद उभा की आडवा? क्यूएसएल कार्डाच्या छपाईतलं गणित

संगणकावर प्रिंट काढताना 'पोर्ट्रेट' आणि 'लँडस्केप' हे दोन पर्याय तुम्ही पाहिले असतीलच. पोर्ट्रेट म्हणजे कागद उभा, लँडस्केप म्हणजे आडवा. "त्यात काय एवढं, जे बरं दिसेल ते घ्यायचं," असं बरेच जण म्हणतात. पण हा प्रश्न दिसण्याचा नाही, मापाचा आहे. कसा ते एका उदाहरणातून पाहू.

क्यूएसएल कार्ड म्हणजे काय?

हॅम रेडिओचा परवाना घेतलेले हौशी लोक आपल्या संचावरून देशोदेशीच्या हौशींशी बोलतात. संपर्क झाला की पोच म्हणून एकमेकांना पोस्टकार्डासारखं कार्ड पाठवतात. रेडिओच्या सांकेतिक भाषेत 'क्यूएसएल' म्हणजे पोच. त्यावर दोघांचे कॉल साइन, तारीख, जागतिक प्रमाणवेळ, फ्रिक्वेन्सी आणि सिग्नल कसा ऐकू आला हे लिहिलेलं असतं. कॉल साइनमधलं एक अक्षर जरी कापलं गेलं तरी ते कार्ड पुरावा म्हणून कामाचं राहत नाही. या कार्डाचं रूढ माप आहे १४० × ९० मि.मी.

आता गणित करू

कार्ड छापणारी एखादी संगणक प्रणाली फक्त उभा कागद ओळखते असं समजा. ए-४ कागद २१० मि.मी. रुंद आणि २९७ मि.मी. उंच असतो.

उभा कागद: रुंदीत २१० ÷ १४० = १ कार्ड, उंचीत २९७ ÷ ९० = ३ कार्डं. एकूण १ × ३ = ३.

आडवा कागद: रुंदीत २९७ ÷ १४० = २, उंचीत २१० ÷ ९० = २. एकूण २ × २ = ४.

(भागाकारातली बाकी सोडून द्यायची, कारण अर्धं कार्ड उपयोगाचं नाही!)

म्हणजे १२० कार्डांना उभे ४० कागद लागतात, तर आडवे फक्त ३०. जाड कार्डपेपर साध्या कागदापेक्षा महाग असतो, त्यामुळे १० कागदांची बचत लहान नाही.

प्रणालीत काय बदलावं लागतं?

१. रुंदी आणि उंची या दोन संख्यांची अदलाबदल करायची आणि कार्डांच्या जागा नव्याने मोजायच्या. नुसती अदलाबदल करून जुन्याच जागा ठेवल्या, तर खालचं कार्ड कागदाबाहेर जातं.

२. समास आधी वजा करायचा. बरेचसे प्रिंटर कागदाच्या अगदी कडेपर्यंत छापत नाहीत. चारही बाजूंनी ५ मि.मी. सोडले तर आडव्या ए-४ वर २८७ × २०० मि.मी. उरतात. त्यात ४ कार्डं आरामात बसतात.

३. पाठपोट छपाईकडे लक्ष द्यायचं. आडवा कागद पुस्तकाच्या पानासारखा उलटायचा असेल, तर 'आखूड कडेवर उलटा' हा पर्याय निवडावा लागतो. नाहीतर मागचा मजकूर डोक्यावर उभा राहतो.

४. छापण्यापूर्वी पान पडद्यावर दाखवायचं आणि निवडलेला पर्याय पुढच्या वेळेसाठी लक्षात ठेवायचा.

आणि हो, पहिली प्रिंट नेहमी साध्या कागदावर काढा. पट्टीने मोजा, मगच कार्डपेपर घाला.

स्वाध्याय

ए-३ कागद २९७ × ४२० मि.मी. असतो. समास न सोडता उभ्या कागदावर किती कार्डं बसतील? आडव्यावर किती? आता चारही बाजूंनी ५ मि.मी. समास सोडून पुन्हा मोजा.

उत्तर: समास नसताना उभ्यावर ८ आणि आडव्यावर ९. समास सोडल्यावर उभ्यावर ८ च राहतात, पण आडव्यावर फक्त ६! कारण ३ × १४० = ४२०, म्हणजे कडेला एक मिलिमीटरही उरत नाही.

ए-४ ला आडवा कागद फायद्याचा, ए-३ ला उभा. म्हणून चांगली प्रणाली एकच पर्याय लादत नाही; दोन्ही मोजून दाखवते आणि निवड आपल्यावर सोडते.