तीन चाकांची गाडी आणि तिचा ताळेबंद

तीन चाकांची गाडी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे रिक्षा उभी राहते : पुढे एक चाक, मागे दोन. या लेखातली गाडी नेमकी उलटी आहे. तिला पुढे दोन चाके आणि मागे एक. शिवाय ती भाड्याची नव्हे, हौसेची. आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये माझ्या मामेभावाने, म्हणजे दादाने, ती गेल्या दीड वर्षात बांधली. मी कॉमर्सची विद्यार्थिनी. माझ्याकडे फक्त हिशेबाची वही होती; पण त्या वहीमुळेच मला पदार्थविज्ञानाचे एक प्रकरण शिकावे लागले. वाचक मित्रमैत्रिणींना त्यात काही घेण्यासारखे वाटेल म्हणून हा प्रपंच.

आधी थोडा इतिहास. अशा गाड्यांची गोष्ट निघाली की इंग्लंडमधल्या एच. एफ. एस. मॉर्गन यांचे नाव येतेच. माल्व्हर्न लिंक या गावी त्यांचे गॅरेज होते. १९०९ साली त्यांनी स्वतःसाठी एक हलकी तीनचाकी तयार केली. तिच्या कामात माल्व्हर्न कॉलेजमधले अभियांत्रिकीचे शिक्षक स्टीफन्सन-पीच यांची मदत झाली. इंजिन मोटरसायकलचे असते तसे दोन सिलिंडरांचे, प्यूजो कंपनीचे. १९१० मध्ये लंडनच्या ऑलिंपिया प्रदर्शनात गाडी मांडली, पण ती एका माणसाची होती म्हणून मागणी बेताचीच आली. पुढच्याच वर्षी दोघांची गाडी काढली आणि धंदा चालू लागला. त्या घराण्याच्या कारखान्यात तीनचाकी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत बनत राहिल्या, आणि २०११ साली पुन्हा बनू लागल्या.

माझ्यासारखीला यात रस वाटला तो कराचा. इंग्लंडमध्ये आठ हंड्रेडवेटच्या (सुमारे ४०६ किलो) आतल्या तीनचाकीला मोटरगाडीपेक्षा कमी कर पडे. म्हणजे मोटारीची ऐट आणि मोटरसायकलचा खर्च! तिथे तीनचाकी टिकली त्यात अभियंत्याइतकाच कराच्या कोष्टकाचाही हात आहे, असे माझे मत झाले. दादाला ते मान्य नाही.

पुढे दोन चाके ठेवण्यात यांत्रिक सोयही आहे. चालवणारे चाक मागे एकटे असले की डिफरन्शियल लागत नाही. दोन चाके चालवायची असतील तर वळणावर बाहेरचे चाक जास्त फिरते आणि आतले कमी, त्यासाठी ती दातेरी चाकांची पेटी घालावी लागते. एकच चाक असेल तर मोटरसायकलसारखी साखळी आणि स्प्रॉकेट, झाले काम. दादाने मोटरसायकलचे जुने इंजिन घेतले. पुढची दोन्ही चाके, ब्रेक आणि स्टिअरिंगचा रॅक भंगारात निघालेल्या मारुती ८०० चा. ती गाडी २०१४ पासून बनत नाही, पण भंगारवाल्यांकडे तिचे अवयव अजून मिळतात. मागचे चाकही त्याच गाडीचे बारा इंची. मोटरसायकलचा टायर गोल पाठीचा असतो, कारण ती वळताना कलते. आमची गाडी कलणार नाही, म्हणून टायर सपाट पाठीचाच हवा.

सांगाडा २५ मिलिमीटरच्या चौकोनी पाईपचा, जाडी १.६ मिलिमीटर. असा पाईप मीटरला साधारण १ किलो १७५ ग्रॅम भरतो, त्यामुळे पंचवीस मीटर पाईप घालूनही सांगाडा तीस किलोच्या आत राहतो. फक्त प्रत्येक चौकटीत तिरका पाईप घालून त्रिकोण करायचा. वेल्डिंग करणारे काका कन्नड बोलणारे; दादा घाई करू लागला की ते काच वर करून एवढेच म्हणायचे, "स्वल्प तडी." आमच्या शेडमध्ये तो मंत्रच झाला होता.

आता मुख्य गोष्ट. सांगाडा जोडून, इंजिन बसवून गाडी चाकांवर उभी राहिली तेव्हा वहीत ६१,४०० रुपये खर्च पडला होता. रविवारी गाडी रस्त्यावर काढायची असे ठरले. मी सहज विचारले, "दादा, ही वळणावर कलंडणार नाही ना?"

"कलंडत्या कशाला? पुढं दोन चाकं हाईत की!"

त्याच्या उत्तराने माझे समाधान झाले नाही. आमच्या शाळेतले विज्ञानाचे सर निवृत्त होऊन जवळच राहतात, त्यांच्याकडे गेले. त्यांनी कागदावर एक त्रिकोण काढला. तिन्ही चाके जमिनीला जिथे टेकतात ते बिंदू जोडले की हा त्रिकोण होतो. गाडीचा भार जिथे एकवटलेला आहे असे मानतो तो गुरुत्वमध्य या त्रिकोणावर कुठे आहे आणि किती उंच आहे, यावर सगळे अवलंबून. पुढे त्रिकोण रुंद, मागे निमुळता. गुरुत्वमध्य जितका मागे, तितकी त्याच्या बाजूची जागा कमी. चार चाकांच्या गाडीला ही अडचण नाही, तिथे त्रिकोणाच्या जागी आयत असतो.

सरांनी सांगितलेला हिशेब माझ्यासारखीलाही जमण्याजोगा निघाला. पुढच्या दोन चाकांमधले अंतर घ्यावे आणि त्याचे निम्मे करावे. एकूण वजनापैकी जितका हिस्सा पुढच्या चाकांवर असेल त्याने त्याला गुणावे. आलेल्या संख्येला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागावे. उत्तर १ आले तर वळणावरचा बाजूचा ओढा गाडीच्या वजनाइतका झाल्यावर ती कलंडते, ०.५ आले तर निम्म्यावरच. कोरड्या डांबरी रस्त्यावर साधा टायर साधारण ०.८ पर्यंत पकड धरतो, असे धरून चालावे. म्हणून उत्तर ०.८ पेक्षा चांगले मोठे हवे. तसे असेल तर वेग जास्त झाल्यावर गाडी आधी घसरते. घसरलेली गाडी सावरता येते. लहान असेल तर टायर घसरायच्या आतच गाडी उलटी.

पुढच्या चाकांमधले अंतर मोजणे सोपे : ११० सेंटिमीटर. वजनासाठी ओळखीच्या धान्यदुकानातून इलेक्ट्रॉनिक काटा आणला. दादाला सीटवर बसवून प्रत्येक चाकाखाली तो आळीपाळीने ठेवला, आणि ज्या चाकाखाली काटा नाही त्याखाली तेवढ्याच जाडीची फळी. पुढच्या दोन्हींवर मिळून १८० किलो, मागे १५०. एकूण ३३०.

खरी कसोटी उंची काढण्याची. त्यासाठी मागचे चाक उचलतात, म्हणजे थोडे वजन पुढे सरकते. किती सरकले त्यावरून उंची निघते. स्प्रिंगा दबू नयेत म्हणून लाकडी ठोकळे घातले, मागचे चाक सुमारे ३९ सेंटिमीटर उचलून फळ्यांवर ठेवले, आणि पुढचे वजन पुन्हा केले. ते १८८ किलो २५० ग्रॅम भरले. वाढलेल्या सव्वाआठ किलोला दोन आसांमधल्या २०० सेंटिमीटरने गुणायचे, मग एकूण वजन आणि चढ (इथे ०.२) यांच्या गुणाकाराने, म्हणजे ६६ ने, भागायचे. आले २५. त्यात चाकाच्या मध्याची उंची २५ मिळवली : ५० सेंटिमीटर. इथे एक सावधगिरीची सूचना : काट्यात एका किलोची चूक झाली तर उत्तरात तीन सेंटिमीटरची चूक होते. म्हणून आम्ही तीनदा मोजले.

हिशेब असा : ५५ गुणिले १८० भागिले ३३०, म्हणजे ३०. तीस भागिले पन्नास, ०.६.

याचा व्यवहारातला अर्थ पाहा. दहा मीटर त्रिज्येच्या वळणावर आमची गाडी ताशी २७-२८ किलोमीटरला उलटली असती. टायर घसरायला ताशी ३२ लागतात. म्हणजे चालवणाऱ्याला चाकांचा आवाजही ऐकू आला नसता. शिवाय हा कागदावरचा आकडा. प्रत्यक्षात स्प्रिंगा कलतात, टायर दबतो, त्यामुळे मर्यादा आणखी खालीच येते.

दादा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "एकसष्ट हजार घातल्यात. आता कापू म्हणतीस?"

मला उत्तर पाठ होते, कारण त्याच आठवड्यात वर्गात बुडीत खर्चाचा मुद्दा झाला होता. जो पैसा कोणताही निर्णय घेतला तरी परत येणार नाही, तो निर्णयात धरायचा नसतो. एकसष्ट हजार गाडी कापली तरी गेले, न कापली तरी गेले. प्रश्न पुढच्या खर्चाचा आणि पुढच्या धोक्याचा. मी हे पुस्तकी भाषेत सांगितले तेव्हा तो चिडला. मग मामी चहा घेऊन आली आणि तिने सरळ विचारले, "त्यात बसणार कोण?" त्यानंतर दादा उठला आणि ग्राइंडर लावला. माझ्या व्याख्येपेक्षा मामीचा प्रश्न नेमका होता हे मान्य केले पाहिजे.

नव्या बांधणीत पुढचे अंतर १३० केले, दोन आसांमधले २१०. सीट जमिनीला जवळ आणली, इंजिन खाली आणि पुढे सरकवले. मॉर्गनने तर इंजिन पुढच्या चाकांच्याही पुढे टांगले होते. ते केवळ हवा लागावी म्हणून असेल असे मला आधी वाटे, पण वजन रुंद बाजूला ठेवण्याची सोयही त्यात आपोआप होते. आमच्या नव्या वजनात पुढे २०५ किलो, मागे १२५, उंची ४२. हिशेब ०.९६. दहा मीटरच्या वळणावर कलंडायला आता ताशी पस्तीसच्या जवळ जावे लागेल, आणि त्याआधी बत्तीसला टायर घसरतील. अंतर फार नाही, पण बाजू बदलली. जास्तीचा खर्च ७,८५० रुपये.

ब्रेकच्या बाबतीत ही रचना रिक्षापेक्षा सरस ठरते. वळणात ब्रेक दाबला की भार पुढे धावतो. रिक्षात पुढची बाजू निमुळती, आमच्या गाडीत रुंद. उलट वळणात ॲक्सिलरेटर पिळला तर भार मागे जातो, तिथे आम्हाला जपावे लागते.

या कापाकापीत एक गंमत झाली. जागा करण्यासाठी दादाने पुढच्या चाकांचे हब डावे-उजवे बदलले, त्यामुळे स्टिअरिंगचे हात जे आसाच्या मागे होते ते पुढे आले. रॅक मात्र तसाच ठेवला. पहिल्या फेरीत दादाने स्टिअरिंग डावीकडे फिरवले आणि गाडी निवांतपणे उजवीकडे जाऊन तुळशीकट्ट्याला भिडली. वेल्डिंगवाले काका पोट धरून हसले. मग रॅक उलटा बसवला.

चाचणी एका बंद पडलेल्या कारखान्याच्या मोकळ्या आवारात मालकाला विचारून घेतली. दोन्ही बाजूंना पाईप बाहेर काढून त्यांच्या टोकांना छोटी चाके लावली होती, म्हणजे गाडी कलली तरी पालथी पडू नये. चुन्याने दहा मीटरचे वर्तुळ आखले. दादा हळूहळू वेग वाढवत गेला. तिशीच्या आसपास टायर किंचाळू लागले आणि गाडी वर्तुळाबाहेर सरकली. बाजूची चाके जमिनीला टेकली नाहीत. सर आले होते. त्यांनी चष्मा पुसला आणि "पुन्हा एकदा घे" म्हणाले.

गाडी सार्वजनिक रस्त्यावर मात्र येणार नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे नोंदणीशिवाय वाहन रस्त्यावर आणता येत नाही, आणि नव्या प्रकारच्या वाहनाचा नमुना उत्पादकाने पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. एका हौशी माणसाच्या एका गाडीला हे परवडणारे नाही. २०२२ च्या सुमारास सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या एका कारागिराने भंगारातून बनवलेली चारचाकी गाजली, तेव्हाही नियमांचा प्रश्न निघालाच होता. ती गाडी घेऊन महिंद्रांनी त्याला नवी बोलेरो दिली. आमच्या ०.६ चा आकडा पाहिल्यापासून मला हा कायदा जाचक वाटत नाही, दादाला वाटतो.

वही बंद करताना एक अडचण आली. विकता न येणारी, रस्त्यावर न चालणारी वस्तू मालमत्तेच्या बाजूला किती रकमेने लिहायची? मी दोनशे साठ किलोला भंगाराचा भाव लावून आकडा लिहिला. दादाने तो पाहिला, माझ्या हातातले पेन घेऊन खोडला, आणि ती जागा तशीच मोकळी ठेवून शेडमध्ये गेला.