वाचकांचे प्रश्न : भरपाईचं सोडा, आधी सही आवरा

प्रश्न : माझ्याकडे 2013 ची फोक्सवॅगन व्हेंटो डिझेल आहे. पहिला मालक मीच. प्रदूषणाच्या प्रकरणात या गाड्यांचा रिकॉल निघाला होता, पण ‘सॉफ्टवेअर बदललं की ॲव्हरेज पडतं’ असं गॅरेजवाल्याने सांगितल्यामुळे मी गेलो नाही. जर्मनीत राहणाऱ्या माझ्या भाच्याला त्याच्या गाडीसाठी कंपनीकडून चांगली भरपाई मिळाली. मग आपण काय पाप केलं? ग्राहक आयोगात जाता येईल का? खरं तर गाडी आता काढूनच टाकायची आहे. ओळखीचा एक एजंट बरा भाव देतो आहे. दोन फॉर्मांवर माझ्या सह्या घेऊन गाडी नेणार आणि गिऱ्हाईक मिळालं की थेट त्याच्या नावावर करून देणार, असं म्हणतो. भरपाईआधी गाडी विकली तर माझा हक्क जाईल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : भरपाईचा विषय आधी संपवतो. ती मिळणार नाही. तुमच्या पत्रातली खरी धोक्याची ओळ वेगळीच आहे, आणि ती तुम्ही जाता जाता लिहिली आहे. तिच्याकडे येतोच.

फोक्सवॅगनची लबाडी सप्टेंबर 2015 मध्ये अमेरिकेत उघड झाली. शाळा तपासायला साहेब येणार त्या दिवशी वर्ग जसा चिडीचूप बसतो, तशी कंपनीची डिझेल गाडी चाचणी चालू आहे हे ओळखून शहाण्यासारखी वागायची. रस्त्यावर आली की नायट्रोजन ऑक्साइड मोकाट. भारतात पुण्याच्या ‘एआरएआय’ या वाहन संशोधन संस्थेने प्रत्यक्ष रस्त्यावर तपासणी केली, तेव्हा हे प्रमाण बीएस-4 च्या मर्यादेच्या पाच ते नऊ पट आढळलं. त्यानंतर डिसेंबर 2015 मध्ये फोक्सवॅगन, स्कोडा आणि ऑडी मिळून 3,23,700 गाड्या परत बोलावण्यात आल्या. इथे नियमभंग झालाच नाही, हा रिकॉल आम्ही स्वेच्छेने करत आहोत, अशी कंपनीची भूमिका होती. सक्तीच्या रिकॉलचा कायदाच तेव्हा आपल्याकडे नव्हता. तो मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने आला, त्याचे नियम एप्रिल 2021 पासून लागू झाले, आणि तेही सात वर्षांच्या आतल्या गाड्यांसाठी. तुमची गाडी त्यात बसत नाही.

राष्ट्रीय हरित लवादाने मार्च 2019 मध्ये कंपनीला 500 कोटींचा दंड ठोठावला, ती बातमी तुम्ही वाचली असेल. तो पर्यावरणाच्या हानीपोटी होता, त्यातला रुपयाही गाडीमालकासाठी नव्हता. शिवाय कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि सक्तीच्या कारवाईपासून तिला तिथे संरक्षण मिळालं. दंड आणि भरपाई ही दोन वेगळी खाती आहेत. कोर्टाच्या बातम्या वाचत थांबलेल्या कितीतरी मालकांनी या दोहोंत गल्लत केली.

तुमच्या भाच्याचं म्हणाल, तर जर्मनीत ग्राहक संघटनांच्या महासंघाने सामूहिक दावा लावला होता. 2020 च्या तडजोडीत त्यात वेळेवर नाव नोंदवलेल्यांना 1,350 ते 6,257 युरो मिळाले. उशिरा जागे झालेल्यांचे दावे तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेही मुदतबाह्य ठरवले. आपल्याकडे ग्राहक आयोगात जायची मुदत दोन वर्षं. सबळ कारण असेल तर उशीर माफ होतो. भाच्याने आत्ता सांगितलं, हे सबळ कारण नव्हे. कंपनीला पत्रं आणि स्मरणपत्रं धाडत राहिल्याने मुदत लांबत नाही. तुमची मुदत केव्हाच उलटली, तेव्हा गाडी विकली तर हक्क जाईल का, हा प्रश्नच उरत नाही.

रिकॉलबाबत एवढंच करा. अधिकृत सर्व्हिस सेंटरला चेसिस नंबर देऊन या गाडीचं काही काम बाकी आहे का ते विचारा आणि उत्तर लेखी घ्या. काम झालं तर जॉब कार्ड आरसीसोबत जपून ठेवा. ॲव्हरेजची धास्ती असेल तर आधी दोन-तीन वेळा टाकी फुल करून स्वतः हिशेब मांडा, नंतर पुन्हा मांडा. गॅरेजवाल्याचा अंदाज हा पुरावा नाही. ‘पीयूसी पास होते ना’ हेही मनातून काढा. डिझेल गाडीच्या पीयूसीत धुराची दाटी पाहतात, नायट्रोजन ऑक्साइड मोजतच नाहीत. कुणी ईजीआर (नायट्रोजन ऑक्साइड कमी करणारी इंजिनातली यंत्रणा) बंद करून देतो म्हणाला, तर ते बेकायदा आहे. विषय संपला.

आता तुमच्या एजंटकडे वळू.

दोन फॉर्म म्हणजे 29 आणि 30, बाजारात ज्यांना टीटी फॉर्म म्हणतात ते. त्यावर घेणाऱ्याचं नाव आणि तारीख न घालता सही करणं म्हणजे गाडी दुसऱ्याच्या ताब्यात आणि जबाबदारी तुमच्या गळ्यात. मोटार वाहन कायद्याच्या लेखी मालक तोच, ज्याच्या नावावर नोंदणी आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2018 च्या एका निकालात हे स्वच्छ सांगितलं आहे. त्या प्रकरणात गाडी विकली गेली होती, हातोहात पुढेही गेली होती. अपघात झाला तेव्हा आरटीओच्या दप्तरी मात्र पहिल्याच मालकाचं नाव होतं. भरपाईची जबाबदारी त्याच्यावर आली. मी तर केव्हाच गाडी विकली, हा बचाव चालला नाही.

यात माणसं कशी बुडतात ते सांगतो. एजंटकडे गाडी चार-सहा महिने पडून राहते. तेवढ्यात विम्याची मुदत संपते. नूतनीकरण कोण करणार? तुम्हाला वाटतं गाडी गेली, एजंटला वाटतं गिऱ्हाईक करेल. त्यातच कुणीतरी ती ‘चालवून बघायला’ नेतो आणि कुणाला तरी उडवतो. मोटार अपघात न्यायाधिकरणाची नोटीस तुमच्या पत्त्यावर येते. कमावता माणूस गेला असेल, तर रक्कम लाखांत असते, आणि विमा नसेल तर ती तुमच्या ठेवींतून जाते. चालकाकडे लायसन्स नसलं, तर विमा कंपनी आधी भरून नंतर तुमच्याकडून वसूल करू शकते. तुमच्या हातात असतो एक स्टॅम्पपेपर आणि उचलला न जाणारा एजंटचा फोन. एजंटवर वेगळा दावा करता येतो, पण निकाल लागेपर्यंत पैसे तुमचेच अडकलेले असतात. गाडी दारूच्या वाहतुकीत सापडली, तर पोलीसही पहिल्यांदा तुमच्याच दारी येणार.

तेव्हा विकायचंच असेल, तर दोन रस्ते आहेत. घेणारा समोर असेल, तर त्याचं नाव, पत्ता, तारीख घालूनच फॉर्मवर सही करा. राज्यातल्या राज्यात विक्रीची खबर चौदा दिवसांत आरटीओला देणं हे तुमचं काम आहे, एजंटचं नव्हे. त्यानंतर आरसीवर नाव बदललं का ते परिवहन विभागाच्या पोर्टलवर स्वतः पाहा. घेणारा मिळेपर्यंत थांबायचं नसेल, तर गाडी परवानाधारक डीलरलाच द्या. एप्रिल 2023 पासून लागू असलेल्या नियमांनुसार फॉर्म 29सी भरून गाडी ताब्यात दिली आणि तशी पोर्टलवर नोंद झाली, की तो डीलर मालक मानला जातो. तुमच्या ओळखीच्या एजंटला ‘तुमच्याकडे डीलर म्हणून आरटीओचं प्राधिकारपत्र आहे का?’ एवढं विचारा. बहुतेक वेळा संभाषण तिथेच थांबतं.

भाव दहा-वीस हजारांनी कमी आला तरी चालेल. आणि नावावर करायला थोडा वेळ लागतो असं एजंट म्हणालाच, तर हरकत नाही. गाडीची किल्लीही मग तितक्याच वेळाने द्या.